उसाच्या रानात उडवायचं तर रिसिव्हर कसा पारखावा

सांगली-साताऱ्याकडे मॉडेल विमान उडवायला मोकळं रान मिळतं ते ऊसतोड झाल्यावर. तरी शेजारचा एखादा फड उभा असतोच. त्यात विमान उतरलं की पाती हात कापतात आणि विमान दिवसभर सापडत नाही. म्हणून रिसिव्हर विकत घेताना घाई नको आणि बसवल्यावर तो जमिनीवर तपासल्याशिवाय उड्डाण नको.

आधी ट्रान्समीटर हातात घ्या आणि त्याची पद्धत कोणती ते वाचा. बहुतेक सगळे २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, पण एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही. फ्लायस्कायचा एफएस-आय६ असेल तर एएफएचडीएस २ए चा रिसिव्हर लागेल. त्याच कंपनीचा एएफएचडीएस ३ चा त्याच्याशी जुळणार नाही. लांब पल्ल्याचा म्हणून ९१५ मेगाहर्ट्झचा कुणी गळ्यात मारू लागलं तर घेऊ नका. त्या वारंवारतेच्या आसपास आपल्याकडे विनापरवाना खुला पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा आहे, आणि ९१५ त्यात बसत नाही.

मग अँटेना मोजा. एकाच अँटेनाचा चिमुकला रिसिव्हर घरामागच्या हलक्या फोमच्या विमानाला ठीक. मीटरभर पंखांच्या विमानाला दोन अँटेनांचाच घ्या. बसवताना दोन्ही टोकं एकमेकांशी काटकोनात ठेवा, बॅटरी आणि कार्बनच्या नळीपासून दूर. तारेच्या टोकाला जाड वेष्टन संपून पुढे बारीक तार दिसते, साधारण ३१ मिलिमीटर. खरं काम तीच करते. ती दुमडली, कापली किंवा चिकटपट्टीखाली चिरडली गेली, तर कितीही महागाचा रिसिव्हर उपयोगाचा नाही. प्लास्टिकची पातळ नळी चिकटवून ती त्यात सरळ ओवून घ्या.

'सिग्नल गेला' म्हणून जी विमानं पडतात, त्यांतल्या कित्येकांचा सिग्नल शाबूत असतो, वीज कमी पडलेली असते. सगळे सर्व्हो एकदम फिरले की व्होल्टेज खाली येतं, रिसिव्हर बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि तेवढ्यात विमान नाक खाली घालतं. म्हणून रिसिव्हरच्या मोकळ्या खाचेत व्होल्टेजचा मीटर लावा, ट्रान्समीटरच्या दोन्ही काड्या जोरजोरात फिरवा. ५ व्होल्टच्या बीईसीवर, म्हणजे रिसिव्हरला वीज पुरवणाऱ्या भागावर, आकडा साडेचारच्या खाली गेला, तर रिसिव्हर बदलण्याआधी बीईसी बदला.

आता फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर रिसिव्हरने काय करायचं ते. पंखा काढून ठेवा, हे विसरू नका. मोटर अर्ध्या वेगावर चालवा आणि ट्रान्समीटर बंद करा. मोटर थांबली पाहिजे. काही रिसिव्हर शेवटची आज्ञाच धरून बसतात. तसं झालं तर फेलसेफ नीट लावून पुन्हा तपासा. तो लावताच येत नसेल, तर रिसिव्हर परत करा. यात तडजोड नको. तसं विमान भरधाव वेगाने रानातल्या माणसांवर जाऊ शकतं.

शेवटी रानातली चाचणी. ट्रान्समीटरला कमी ताकदीची सोय असेल तर ती चालू करून ३० पावलं लांब जा. जोडीदाराला विमान हातात धरून सावकाश गोल फिरवायला सांगा. एकाही दिशेला सर्व्हो अडखळला तर अँटेना हलवून पुन्हा बघा. दोघांच्या खिशातल्या मोबाइलचे हॉटस्पॉट बंद ठेवा, ते त्याच पट्ट्यात बोलतात. साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्यावरच्या टीव्ही टॉवरची मात्र धास्ती नको. टीव्हीच्या लहरी वेगळ्या. खरा अडसर हिरव्या उसाचा. पानांतलं पाणी २.४ च्या लहरी शोषतं, त्यामुळे फडाच्या पलीकडे विमान खाली नेऊ नका. साताऱ्याकडच्या डोंगरांतही हेच: सोंडेआड गेलेल्या विमानाला रिसिव्हर वाचवत नाही.

जागा ठरवताना डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघा. कराडला विमानतळ आहे, त्याच्या आसपासची बंधनं पाळावी लागतात. फुलांच्या हंगामात कासच्या पठारावर तर विमान नेऊच नका.

सगळं जमलं की रिसिव्हरवर कागदी पट्टी चिकटवून चाचणीची तारीख लिहा. विमान आपटलं किंवा ओल्या सरीत पडलं, तर ती पट्टी फाडून टाका आणि मीटरपासून पुन्हा सुरुवात करा.