पाऊस लागला, चालणं थांबलं

जून लागला की मांडवीच्या जेटीवर, भाट्याच्या पुळणीवर संध्याकाळी फिरणारी मधुमेही मंडळी घरात बसतात. गणपती आटोपून तपासायला येतात तेव्हा तीन महिन्यांची साखर चढलेली असते आणि सगळा दोष मोदकांवर जातो. मोदक काही साळसूद नाहीत, पण पावसाळाभर बसून राहणं जास्त नडतं.

स्नायू कामाला लागले की इन्सुलिनसाठी फारसं अडून न राहता रक्तातली साखर ओढून घेतात. हा परिणाम साधारण एक-दोन दिवस टिकतो, म्हणून सलग दोन दिवसांहून जास्त खाडा नको. आठवड्याला व्यायामाची १५० मिनिटं हवीत, ती तुकड्यातुकड्यांनी चालतील. भात-आमटी जेवलात की लवंडू नका. पडवीत दहा-पंधरा मिनिटं येरझारा घाला. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत वेग ठेवा.

येरझारांचा कंटाळा येतो, कबूल. मग जाखडी आहेच! चाळ बांधून मृदंगाच्या ठेक्यावर अर्धा तास गोल धरणाऱ्याला आणखी वेगळा व्यायाम कशाला सांगू? बायकांची झिम्मा-फुगडीही तशीच. मात्र मधुमेहाने डोळ्यांचा पडदा बिघडला असेल, तर उड्या मारण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा.

मुलगा मुंबईला, घरात दोघंच, बाहेर धो धो पाऊस आणि ताटात पथ्य. "डॉक्टर, कशात मनच लागत नाही," हे मला पावसात जास्त ऐकू येतं. मधुमेहींमध्ये नैराश्य इतरांच्या जवळपास दुप्पट आढळतं. नियमित चालण्याने सौम्य उदासी ओसरते, झोप सुधारते. शेजाऱ्याला हाक मारून दोघांनी चाललात तर आणखी बरं. पण जगणंच नकोसं वाटत असेल, तर चालण्यावर विसंबू नका, लगेच डॉक्टरांना सांगा.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर खिशात साखरेची पुडी हवी. हात थरथरले, घाम फुटला की थांबा आणि तीन चमचे साखर पाण्यातून घ्या. छातीत दडपलं तर थेट रुग्णालय गाठा.

शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायऱ्यांवर व्यायाम नको. अनवाणी तर घरातही नको. भिजून आलात की बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, तळवे उजेडात बघा. चिखल्या झाल्या किंवा जखम दिसली, तर हळद लावून वाट पाहत बसू नका, त्याच दिवशी दाखवायला या.