दुकानाचे सॉफ्टवेअर व गिऱ्हाइकाचे कर्तव्य

गिऱ्हाईक सांभाळणे हा व्यापाऱ्याचा नित्यधर्म होय. परंतु बिले व जमाखर्च यांसाठी आपण सॉफ्टवेअर करवून घेतो, तेव्हा गिऱ्हाईक आपणच असतो. त्या वेळी आपले कर्तव्य काय, याचा प्रस्तुत लेखात थोडक्यात विचार करावयाचा आहे.

सर्व मागण्या एकदाच लिहून द्यावयाच्या, करार करावयाचा व काही महिन्यांनी तयार काम ताब्यात घ्यावयाचे, ही जुनी रीत. तीत दोष असा की, आपणास नेमके काय हवे ते वापरून पाहिल्यावाचून आपल्यासच उमगत नाही. आणि उमगते तेव्हा पैसे देऊन झालेले असतात.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात १७ तज्ज्ञ एकत्र जमले व त्यांनी ‘ॲजाइल’ पद्धतीचा जाहीरनामा सिद्ध केला. करारावरील घासाघिशीपेक्षा गिऱ्हाइकाचे सहकार्य व जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालते सॉफ्टवेअर अधिक मोलाचे, असे त्यात म्हटले आहे. काम लहान लहान हप्त्यांनी, दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंतच्या अंतराने, गिऱ्हाइकाच्या हाती द्यावे, असे त्यांचे तत्त्व आहे.

एकदम मोठी उडी घेण्यातील धोका आपण ई-वे बिलाच्या वेळी पाहिला. १ फेब्रुवारी २०१८ रोजी ते देशभर सक्तीचे व्हावयाचे होते; त्याच दिवशी यंत्रणा अडखळली व सक्ती लांबणीवर पडली. पुढे १ एप्रिलपासून आंतरराज्य वाहतुकीस ते लागू झाले. राज्यांतर्गत वाहतुकीसाठी कर्नाटकाने त्याच दिवशी आरंभ केला, १५ एप्रिलला आणखी पाच राज्ये आली, तर महाराष्ट्राची पाळी २५ मे रोजी आली.

आता आपल्या लोंढ्याचाच विचार करू. येथून एक रेल्वेमार्ग बेळगावकडे, एक धारवाडकडे व एक कॅसलरॉकवरून गोव्याकडे जातो. खानापूरला पाठविलेल्या मालावर सीजीएसटी व एसजीएसटी, तर गोव्यास पाठविलेल्या मालावर आयजीएसटी लागतो. तेव्हा पहिल्या हप्त्यात एवढी दोनच बिले बिनचूक निघावीत. उधारीची खतावणी दुसऱ्या हप्त्यात व साठ्याचा हिशेब तिसऱ्यात घ्यावा.

मात्र ही पद्धती गिऱ्हाइकाच्या वेळेवाचून फळास येत नाही. कोणते काम आधी, हे ठरविणारी घरातील एकच व्यक्ती नेमावी. भावाने एक व मुलाने दुसरे सांगू नये. प्रत्येक हप्ता दिवाणजींच्या हातून खऱ्या बिलांवर तपासावा व चूक त्याच आठवड्यात कळवावी. नवी मागणी सुचल्यास जुनी कोणती मागे ठेवावयाची, तेही सांगावे.

याचा अर्थ लेखी करार नको असा नव्हे. प्रत्येक हप्त्याचे मोल व आपल्या हिशेबावरील आपला हक्क लेखी असावाच. पण नमुना न पाहता गोणी उचलणारा व्यापारी जसा फसतो, तसाच हप्ता न तपासणारा गिऱ्हाईकही फसतो. नमुना पाहण्याची आपली जुनी शिस्त येथेही पाळावी, एवढीच सभासद बंधूंस विनंती.