फ्यूज तारेला वाचवतो, माणसाला नव्हे

पिठाच्या गिरणीपासून यंत्रमागापर्यंत आणि वेल्डिंगच्या दुकानापासून सुतारकामाच्या कारखान्यापर्यंत विजेने श्रमिकांचा भार हलका केला आहे. मात्र ‘मेनला फ्यूज आहे, आता भय नाही’ असा एक समज अशा ठिकाणी हमखास आढळतो. हा समज प्राणघातक ठरू शकतो.

तारा अतिप्रवाहाने तापून आग लागू नये, एवढ्यासाठीच फ्यूज असतो. ५ अँपिअरचा फ्यूज तेवढा प्रवाह बिनदिक्कत वाहू देतो. याउलट, त्वचा ओली असल्यास शरीराचा विद्युतरोध सुमारे १,००० ओहमपर्यंत उतरू शकतो. अशा वेळी २३० व्होल्टच्या तारेला स्पर्श झाला, तर शरीरातून सुमारे ०.२३ अँपिअर प्रवाह वाहतो. हृदयाची लय बिघडण्यास याहून कमी प्रवाहही पुरेसा असतो. माणूस प्राणास मुकतो आणि फ्यूज शाबूत राहतो!

उपाय कोणते?

पहिला उपाय अर्थिंगचा. यंत्राचा धातूचा सांगाडा जमिनीशी नीट जोडलेला असावा. तीन पिनांच्या प्लगमधील मोठी पिन काढून टाकणे म्हणजे हे संरक्षणच काढून टाकणे होय.

दुसरा उपाय ईएलसीबी अथवा आरसीसीबी या उपकरणाचा. जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहांत फरक पडताच ते पुरवठा क्षणार्धात तोडते. माणसाच्या रक्षणासाठी ३० मिलिअँपिअर क्षमतेचे उपकरण निवडावे व त्यावरील ‘टेस्ट’ बटण वेळोवेळी दाबून पाहावे. तथापि, फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांना एकदम स्पर्श झाल्यास या उपकरणाचाही भरवसा धरता येत नाही.

म्हणून दुरुस्तीपूर्वी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावावे, ‘काम चालू आहे’ असा फलक टांगावा आणि टेस्टरने खात्री करून घ्यावी. वायरिंगचे काम परवानाधारकाकडूनच करून घ्यावे.

अपघात घडल्यास

विजेला चिकटलेल्या व्यक्तीस हात लावू नये. प्रथम पुरवठा बंद करावा. ते शक्य नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने तिला दूर करावे. मात्र उच्चदाबाच्या वाहिनीच्या बाबतीत पुरवठा बंद झाल्याशिवाय जवळही जाऊ नये. श्वास थांबला असल्यास छातीवर दाब देणे व कृत्रिम श्वासोच्छ्वास तत्काळ सुरू करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

कारखानदारांनी व कामगारांनी आजच आपला मेन बोर्ड उघड्या डोळ्यांनी पाहावा. तेथे केवळ फ्यूजच असेल, तर तारांची काळजी घेतली गेली आहे. माणसांची घेणे अद्याप बाकी आहे.