मोजडीच्या फुलाचे गणित

मुलांनो, आमरीचे फूल तुम्ही पाहिलेच असेल. बाजारात त्याला ऑर्किड म्हणतात. या कुळात सुमारे २८,००० जाती आहेत. त्यांतील पॅफिओपेडिलम या आमरीची एक पाकळी मोजडीसारखी पोकळ असते. ही आमरी भारतापासून न्यू गिनीपर्यंतच्या जंगलांत वाढते. आज आपण तिच्या पेशीत डोकावू या.

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. मोजडीच्या आमरीत मात्र जातीनुसार २६ पासून ४२ पर्यंत आढळतात. गुणसूत्रे जास्त म्हणजे माहिती जास्त, असे तुम्हांला वाटेल. पण तसे नाही. २६ गुणसूत्रांच्या जातीत प्रत्येकाला दोन भुजा असतात, म्हणजे एकूण ५२. आता ३६ गुणसूत्रांची जात घ्या. तिच्यात १६ गुणसूत्रे दोन भुजांची आणि २० एकाच भुजेची. बेरीज करून पाहा, पुन्हा ५२ च! काही गुणसूत्रे मधोमध तुटली आणि संख्या वाढली, एवढेच. इतका स्वच्छ हिशेब निसर्गात क्वचितच जमतो.

मग डी.एन.ए. वाढतो कसा? गझलेची रदीफ तुमच्या ओळखीची आहे. तेच शब्द शेरागणिक पुन्हा येतात. डी.एन.ए.मध्येही तीच अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. काही तुकडे तर स्वतःची नक्कल करून दुसऱ्या जागी जाऊन बसतात. असे फिरते तुकडे बार्बरा मॅक्‌लिंटॉक या अमेरिकन विदुषीने मक्यात शोधले. लोकांना ते पटायला फार वर्षे लागली. १९८३ साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले. आमरी कुळात सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त डी.एन.ए. असलेल्या जातींत सुमारे १६८ पटींचा फरक आढळला आहे. तो मुख्यतः या पुनरावृत्तीमुळे पडतो.

या पुनरावृत्तीला पूर्वी कचरा म्हणत. ते नाव घाईने दिले गेले. बहुतेक वनस्पतींच्या गुणसूत्रांच्या टोकांशी ‘टी टी टी ए जी जी जी’ ही सात अक्षरे शेकडो वेळा येतात आणि टोक सांभाळतात. गुणसूत्र तुटले, की नव्या टोकालाही अशी टोपी लागते. नाहीतर ते टिकत नाही.

जंगलातून उपटलेल्या या आमरीच्या व्यापाराला आज आंतरराष्ट्रीय बंदी आहे. म्हणून बागवान संकर करून नवी रोपे तयार करतात. पण आईबापांची गुणसूत्रे जुळली नाहीत, तर संकरित रोपाला फुले येतात, पण बी मात्र क्वचितच धरते.