मेढ्याचा पाऊस कुडाळच्या नावावर

मेढ्याचा एक तरुण प्रोग्रॅमर नोकरीसाठी पुण्यात असतो. गावाकडच्या मंडळींना रोजचा पाऊस नोंदवता यावा म्हणून त्याने रिअॅक्टमध्ये एक छोटे अॅप केले. सातारा जिल्ह्याच्या 11 तालुक्यांतली गावे एकाच यादीत, वर तालुका निवडायची सोय आणि शोधपट्टी. जावळी निवडले की फक्त तिथलीच गावे दिसायची. तालुक्याचे ठिकाण म्हणून मेढा पहिले, मग करहर, कुडाळ, केळघर, बामणोली. प्रत्येक नावासमोर मिलिमीटर लिहायची चौकट होती.

एकाने मेढ्यासमोर आकडा लिहिला आणि जतन करण्याआधीच शोधपट्टीत ‘कु’ टाइप केले. यादीत कुडाळ तेवढे उरले. आकडा मात्र चौकटीत तसाच, आता कुडाळसमोर.

यादी बरोबर गाळली गेली होती. घोळ ओळींच्या ओळखीत होता. फेसबुकने 2013 साली खुल्या केलेल्या रिअॅक्टमध्ये, आणि नंतर आलेल्या फ्लटर, स्विफ्टयूआय, जेटपॅक कंपोजमध्येही, पडद्यावर काय दिसायला हवे एवढेच प्रोग्रॅमर सांगतो. कोणती ओळ काढायची, कोणती ठेवायची, हे फ्रेमवर्क जुने-नवे वर्णन ताडून ठरवते. त्यासाठी प्रत्येक ओळीला ‘की’, म्हणजे ओळखखूण लागते. ती दिली नाही तर रिअॅक्ट क्रमांकावर भागवते. इथे ‘की’ म्हणून क्रमांकच दिला होता. मेढ्याची ओळ शून्य क्रमांकाची. गाळल्यावर कुडाळही शून्यावर आले. रिअॅक्टच्या लेखी ओळ तीच, फक्त नाव बदललेले. म्हणून चौकटीतला मजकूर हलला नाही. कंपोजच्या लेझीकॉलम या यादीतही ‘की’ न दिल्यास ओळीची स्थिती तिच्या जागेला बांधली जाते.

पहिला उपाय सुचतो तो गावाचे नाव ‘की’ म्हणून देण्याचा. एका तालुक्यात तो कदाचित चालेल. राज्याची यादी घेतली की जावळीतल्या कुडाळशेजारी सिंधुदुर्गातले तालुक्याचे कुडाळ येऊन बसते. 2011च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी संकेतांक दिलेला आहे. तो किंवा डेटाबेसमधला कायमचा क्रमांक वापरावा.

हाच दोष खोडण्याच्या बटणात जास्त महाग पडतो. गाळलेल्या यादीतली तिसरी ओळ खोडायला सांगितली आणि कोडने मूळ यादीतली तिसरी खोडली, तर भलत्याच तालुक्यातले गाव जाते आणि पडद्यावर काहीच हलत नाही. बदल करताना ओळीचा क्रमांक पाठवू नये, संकेतांक पाठवावा.

गाळलेली यादी वेगळ्या स्टेटमध्ये साठवण्याचा मोहही टाळावा. ती सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखी असते: फेरफार मूळ नोंदीत होतो, हातातल्या जुन्या उताऱ्यावर तो आपोआप उमटत नाही. मूळ यादी, निवडलेला तालुका आणि शोधशब्द एवढेच साठवावे; दिसणारी यादी प्रत्येक वेळी त्यांतून काढावी. हे काम जड वाटलेच तर काढलेले उत्तर लक्षात ठेवणारे रिअॅक्टचे यूजमेमो आहे, पण आधी मोजून पाहावे.

स्विफ्टयूआयमध्ये आणखी एक खोच आहे. यादीच्या ओळी तयार करणाऱ्या फॉरईचच्या आत ‘इफ’ लावून नको त्या ओळी लपवल्या, तर एका घटकातून एक ओळ निघणार की शून्य, हे लिस्टला आधी कळत नाही. त्यासाठी तिला सगळ्या ओळी तयार करून पाहाव्या लागतात. अॅपलने 2023च्या डेव्हलपर परिषदेत हेच समजावून सांगितले होते. डेटा आधीच गाळून मग फॉरईचला द्यावा.

यादी मोठी झाली की गाळण्याची जागा बदलते. महाराष्ट्रात 40,000हून अधिक गावे आहेत. ती सगळी फोनवर उतरवण्यात अर्थ नाही. मग सर्व्हरकडून वीस-वीस गावे मागवायची आणि ‘आणखी दाखवा’ हे बटण द्यायचे. अशा वेळी शोध फोनवरच ठेवला, तर तो फक्त आलेल्या वीस गावांत होतो आणि अस्तित्वात असलेल्या बामणोलीबद्दल ‘सापडले नाही’ असे उत्तर येते. पाने सर्व्हरवर पडत असतील तर शोधही तिथेच व्हायला हवा.

मराठी नावांसाठी आणखी एक तयारी लागते. कोणी ‘कराड’ लिहितो, कोणी ‘कऱ्हाड’. शिवाय हा ऱ्ह युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतो आणि डोळ्यांना सारखाच दिसतो. पर्यायी नावे गावाच्या नोंदीतच ठेवावीत आणि तुलना करण्याआधी दोन्ही बाजूंचा मजकूर एकसारखा करून घ्यावा. एवढे करूनही ओळ उरली नाही, तर पडदा कोरा सोडू नये. ‘जावळी तालुक्यात हे गाव नाही. पूर्ण जिल्ह्यात शोधायचे का?’ असे विचारून खाली बटण द्यावे.