मूत्रगंध आणि वयात येणे : उंदरांकडून शिकताना

उंदरांच्या जगात मूत्र हे केवळ उत्सर्जन नव्हे, तर तो एक निरोपच असतो. १९६० च्या दशकात जॉन व्हॅन्डनबर्ग यांनी दाखवून दिले, की प्रौढ नराच्या गंधाच्या सान्निध्यात वाढणारी मादी पिल्ले लवकर वयात येतात. उलट, दाटीने एकत्र राहणाऱ्या माद्यांच्या मूत्रगंधाने हाच काळ लांबतो. हिल्डा ब्रूस यांनी १९५९ मध्ये नोंदविले, की नुकताच समागम झालेल्या मादीजवळ परका नर आणल्यास गर्भ बहुधा रुजत नाही.

मूत्रातील विशिष्ट प्रथिने उडून जाणारे गंधरेणू धरून ठेवतात व सावकाश सोडतात. नाकातील जेकबसन-इंद्रिय ते टिपते. संदेश मेंदूतील हायपोथॅलॅमसपर्यंत पोहोचतो आणि संप्रेरकांचे चक्र बदलते.

मात्र हा निष्कर्ष मानवाला जसाच्या तसा लावू नये. मानवी गर्भात हे इंद्रिय दिसते, परंतु पुढे त्याचे कार्य उरत नाही. त्यासाठी आवश्यक असलेले टीआरपीसी-२ हे जनुकही आपल्यात निकामी आहे. म्हणून आठव्या वर्षापूर्वी मुलीमध्ये स्तनवाढ दिसू लागल्यास पालकांनी तर्क लढवीत बसू नये, कोणाला दोषही देऊ नये. डॉक्टरांकडून तिच्या वाढीचा आलेख, हाडांचे वय आणि गरजेनुसार संप्रेरके वेळीच तपासून घ्यावीत.