दीनसेवा आणि तिची शिस्त

गरिबांस मदत करावी, हें आम्हां विद्यार्थ्यांस कोणी नव्यानें शिकवावयास नको. घरीं, धर्मशिक्षणाच्या वर्गांत आणि देवालयांतील प्रवचनांत तें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु ती मदत कशी करावी हा प्रश्न अधिक अवघड असून त्याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाहीं. दारीं आलेल्याच्या हातावर नाणें ठेवणें, नाताळच्या सुमारास जुने कपडे वांटणें, यांत मनाचा चांगुलपणा आहेच. तथापि ज्याचें दुःख होतें त्याचें तें दुसऱ्या दिवशीं बहुधा तसेंच उरतें. कॅथोलिक धर्मग्रामांत, म्हणजे एका देवालयाच्या कक्षेंत राहणाऱ्या भाविकसमाजांत, स्वयंसेवकांकडून जी दीनसेवा चालते तिला एक ठराविक रीत आहे. ती रीत कोठून आली व ती तशी कां आहे, हें प्रस्तुत लेखांत पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इ. स. १६१७ च्या ऑगस्ट महिन्यांतील गोष्ट. फ्रान्समधील शातिलाँ नांवाच्या गांवीं एक नवे धर्मगुरु नुकतेच आले होते. पुढें जगास संत व्हिन्सेंट डी पॉल म्हणून जे ठाऊक झाले ते हेच. एका रविवारीं ते मिस्सेसाठीं वस्त्रें परिधान करीत असतां त्यांस निरोप मिळाला कीं, गांवापासून कांहीं अंतरावर एका घरांतील सर्व माणसें आजारी पडलीं असून त्यांची शुश्रूषा करावयास कोणी उरलेलें नाहीं. व्हिन्सेंट यांनीं प्रवचनांत ही हकीकत सांगितली. दुपारच्या प्रार्थनेनंतर ते स्वतः त्या घराकडे निघाले, तों वाटेवर स्त्रियांची रीघच लागलेली! कोणी अन्न घेऊन जात होत्या, कोणी परतत होत्या, कांहीं उन्हानें थकून रस्त्याच्या कडेस विसांवा घेत होत्या. जणूं मिरवणूकच निघाली होती.

दुसरा एखादा उपदेशक आपल्या प्रवचनाचा हा परिणाम पाहून तेवढ्यावरच संतुष्ट झाला असता. व्हिन्सेंट यांसही आनंद झाला. परंतु त्याबरोबर त्यांच्या मनांत आलें कीं, आज या घरीं इतकें अन्न जमलें आहे कीं त्यांतील बरेंच नासून जाईल, आणि थोड्या दिवसांनीं हीं माणसें पुन्हां पूर्वीसारखींच निराधार होतील. गांवांत दया भरपूर होती, व्यवस्था नव्हती. थोड्याच दिवसांत त्यांनीं गांवांतील कांहीं स्त्रियांस एकत्र बोलाविलें, त्यांचें एक मंडळ स्थापिलें, आणि प्रत्येकीनें आपल्या पाळीच्या दिवशीं रोग्यांकडे जावें असें ठरविलें. त्याच सालाच्या अखेरीपर्यंत मंडळाची लेखी नियमावलीही तयार झाली.

ही नियमावली मुद्दाम अभ्यासण्याजोगी आहे. रोग्याचें जेवण कसें न्यावें, त्याच्याशीं आनंदी मुद्रेनें कसें बोलावें, त्याच्यापुढें ताट कसें मांडावें, त्याचे हात धुवावे, त्यास दोन घांस अधिक खाण्यास प्रेमानें कसें वळवावें, येथपर्यंत बारीक सूचना तींत आहेत. त्यांतील एक कलम तर आम्हांस फारच मार्मिक वाटतें. ज्या रोग्याजवळ घरचें कोणी माणूस आहे त्याच्यापासून आरंभ करावा, आणि जो अगदीं एकटा आहे त्याच्याकडे सर्वांच्या शेवटीं जावें. वाचणारास प्रथम हें उलटें वाटेल. एकट्या माणसास ताटकळत ठेवणें न्यायाचें कसें? परंतु शेवटीं जाण्याचें कारण असें कीं, तेथें मग घाई राहत नाहीं. त्याच्यापाशीं अधिक वेळ बसतां येतें. असलें कलम कचेरींत बसून कोणास सुचत नसतें. पुढें १६३३ सालीं लुईझ द मारियाक यांच्या साह्यानें व्हिन्सेंट यांनीं 'डॉटर्स ऑफ चॅरिटी' हा धर्मभगिनींचा संघ स्थापिला. त्याच संघाची एक भगिनी आमच्या पुढील कथेंत येते.

आतां दोन शतकें ओलांडून पॅरिस शहरांत यावयाचें आहे. १८३२ सालीं त्या शहरांत पटकीच्या सांथीनें हजारों माणसें मेलीं, आणि त्यांत अधिक भरणा अर्थातच गरीब वस्त्यांतील लोकांचा होता. त्या सुमारास फ्रेडरिक ओझानाम नांवाचे एक तरुण कायद्याच्या अभ्यासासाठीं तेथें राहत होते. कांहीं विद्यार्थी मिळून इतिहासावर वादविवाद करणारें एक मंडळ चालवीत, त्यांत तेही असत. एका वादांत प्रतिपक्षानें त्यांस असा टोला दिला कीं, ख्रिस्ती धर्मानें पूर्वीं मोठीं कार्यें केलीं हें खरें, पण आज तुम्ही काय करीत आहां तें दाखवा! या प्रश्नास वक्तृत्वानें उत्तर देतां आलें असतें. विद्यार्थ्यांच्या सभेंत तेंच बहुधा होतें. ओझानाम यांस मात्र तो प्रश्न न्याय्य वाटला.

२३ एप्रिल १८३३ रोजीं, म्हणजे ओझानाम यांच्या विसाव्या वाढदिवशीं, सहा विद्यार्थी व एम्मान्युएल बायी नांवाचे एक वडीलधारे संपादक यांची पहिली बैठक झाली. स्वतःस फार शहाणे न समजण्याचा गुण या तरुणांच्या अंगीं होता. त्यांनीं आपल्या मनानें गरीब शोधण्याचा उद्योग केला नाहीं. मुफ्तार या अत्यंत दरिद्री वस्तींत वर्षानुवर्षें सेवा करीत असलेल्या सिस्टर रोझाली रांद्यू यांच्याकडे ते गेले. त्यांनीं या मुलांस कुटुंबांची यादी दिली, भाकरीच्या चिठ्ठ्या दिल्या, आणि गरिबांच्या घरीं कसें वागावें हेंही शिकविलें. भाकरीची चिठ्ठी कोणासही पाठवितां आली असती. परंतु चिठ्ठी घेऊन स्वतः जिना चढून जाणें, बसणें, ऐकणें, आणि पुढील आठवड्यांत पुन्हां जाणें, हाच या कार्याचा गाभा ठरला.

याचें कारण ओझानाम यांच्या चरित्रांतील एका हकीकतीवरून चांगलें समजतें. त्यांच्या वांट्यास आलेल्या एका घरांत आई दिवसभर कष्ट करून मुलांचें पोट भरी, आणि बाप ती कमाई दारूंत उडवून तिला मारहाण करी. अशा घरीं भाकरी पाठविली तर काय होणार? जी कमाई भाकरींत जावयाची ती दारूंत जाणार. ओझानाम यांनीं वारंवार जाऊन चौकशी केली तेव्हां कळलें कीं, त्या दोघांचा विवाह कायदेशीर झालेलाच नव्हता. अर्थात् ती स्त्री त्या घरांत राहण्यास बांधलेली नव्हती. मग मित्रांनीं वर्गणी जमवून तिला धाकट्या मुलांसह तिच्या मुलुखीं, ब्रिटनी प्रांतीं, पोहोंचविलें. थोरल्या मुलांस बायी यांच्या छापखान्यांत काम शिकण्यास ठेविलें. येथें त्या कुटुंबास भाकरीहून कायद्याच्या ज्ञानाचा उपयोग अधिक झाला; पण तें ज्ञान कोठें लावावयाचें हें घरीं गेल्यावांचून कळलें नसतें.

मंडळ वाढत चाललें तशी एक अडचण उभी राहिली. सभासद शंभराहून अधिक झाले, आणि मंडळाचे भाग पाडावे कीं नाहीं यावर १८३४ च्या अखेरीस मोठा वाद झाला. मैत्री तुटेल म्हणून पुष्कळांस भाग नको होते. त्यांचें म्हणणें अगदींच निराधार होतें असें आम्हांस वाटत नाहीं. शेवटीं १८३५ सालीं निरनिराळ्या धर्मग्रामांस जोडलेल्या शाखा झाल्या, आणि म्हणूनच हें कार्य पॅरिसबाहेर पसरूं शकलें. संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी या नांवानें तें आज सुमारें दीडशे देशांत चालतें. मुंबई व वसई भागांतील पुष्कळ धर्मग्रामांतही तिच्या शाखा आहेत. शाखेस अद्यापि 'कॉन्फरन्स' म्हणतात, तें त्या जुन्या वादमंडळाचें स्मरण होय. ओझानाम १८५३ सालीं अवघ्या चाळीसाव्या वर्षीं वारले. त्यांस १९९७ मध्यें व सिस्टर रोझाली यांस २००३ मध्यें पोप दुसरे जॉन पॉल यांनीं धन्य म्हणून घोषित केलें.

शाखेचें कामकाज साधें असतें. सभासद दर आठवड्यास किंवा पंधरवड्यास जमतात. प्रार्थना होते, कांहीं आध्यात्मिक वाचन होतें, मग ज्यांनीं ज्या कुटुंबांस भेट दिली ते तेथील स्थिति सांगतात. कोणाची औषधें, कोणाची शाळेची फी, कोणाचें महिन्याचें धान्य, यांचा निर्णय सर्वांनीं मिळून करावयाचा. गरजू मनुष्य कोणत्या धर्माचा हें पाहावयाचें नाहीं. शेवटीं एक बंद पिशवी फिरते. तींत ज्यानें त्यानें आपल्या शक्तीप्रमाणें गुप्तपणें घालावें, म्हणजे श्रीमंत सभासदास मिरवितां येत नाहीं व गरीब सभासदास लाजावें लागत नाहीं. भेटीस दोघांनीं जावयाचें असा प्रघात आहे. एकाची चुकलेली समजूत दुसरा सुधारतो, आणि कुटुंबही एकाच दात्याच्या मर्जीवर अवलंबून राहत नाहीं. घरांत जें ऐकलें तें बाहेर बोलावयाचें नाहीं, हा नियम आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्याची भाकरी गेली त्याची अब्रू तरी शिल्लक असते. मदत घेतांना तीही गेली तर ती मदत फार महाग पडली म्हणावयाची.

येथें एक आक्षेप घेतला जातो, आणि तो टाळून जाणें बरें नव्हे. अशी मदत घरोघर पोहोंचविल्यानें दारिद्र्य नाहींसें होतें काय? मजुरास पोटापुरती मजुरीच मिळत नसेल तर दर आठवड्याच्या भेटीनें काय साधणार? ओझानाम यांस हा प्रश्न पुरता ठाऊक होता. १८३९-४० मध्यें लिओं शहरीं व्यापारी कायद्यावर व्याख्यानें देतांना त्यांनीं मजुरीचा प्रश्न न्यायाचा म्हणून मांडला: मजुरींतून कामगाराचा निर्वाह, त्याच्या मुलांचें शिक्षण व त्याच्या म्हातारपणाची सोय झाली पाहिजे. शुभवर्तमानांतील शोमरोनी मनुष्यानें जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, धर्मशाळेच्या मालकास दोन दीनार दिले आणि परत येण्याचें वचन दिलें. त्याच्या दयेलाही व्यवस्था होती. परंतु त्या वाटेवर पुन्हां कोणी लुटला जाऊं नये ही जबाबदारी न्यायाची आहे. १८४८ च्या क्रांतीच्या धामधुमींत ओझानाम यांनीं वृत्तपत्रांतून याच अर्थानें लेखन केलें, आणि त्याबद्दल स्वपक्षीयांचाही रोष पत्करला. तरी त्यांनीं घरभेटी सोडल्या नाहींत. आमच्या मतें या दोहोंत विरोध नाहीं. जो कधीं कोणाच्या घरीं गेला नाहीं त्याच्या तोंडीं न्यायाची भाषा कोरडी राहते. आणि जो केवळ घरोघर जातो, पण हें घर असें कां झालें हें विचारीत नाहीं, त्याची दया वर्षानुवर्षें त्याच दारीं तीच पिशवी ठेवीत राहते.

आमच्या वयाच्या मुलामुलींस यांत काय करतां येईल? पैसे देणें हें आमचें काम नव्हे, कारण ते आमचे नसतात. परंतु आज धर्मग्रामांत अशीं कित्येक वृद्ध माणसें आहेत कीं ज्यांचीं मुलें परदेशीं किंवा दूरच्या शहरीं नोकरीस आहेत. त्यांच्या घरीं अन्न आहे, बोलावयास माणूस नाहीं. कोणास रुग्णालयाचा कागद वाचून दाखवावयाचा असतो, कोणास निवृत्तिवेतनाचा अर्ज भरावयाचा असतो, कोणाच्या नातवास गणित समजावून द्यावयाचें असतें. हीं कामें शाळा सांभाळून होण्यासारखीं आहेत. मात्र आरंभीं उत्साहानें चार घरें घेऊन परीक्षा जवळ आल्यावर चारही सोडणें वाईट. ज्यास एकदां येतों म्हणून सांगितलें तो त्या दिवशीं दाराकडे डोळे लावून बसतो. एकच घर घ्यावें व वर्षभर सांभाळावें. ज्यांस या कामाची इच्छा असेल त्यांनीं आईबापांची परवानगी घेऊन आपल्या प्रमुख धर्मगुरूंस विचारावें, आणि पहिले कांहीं महिने एखाद्या अनुभवी सभासदाबरोबरच जावें.